उमाआत्याची राहिलेली परिक्रमा

हापेश्वरहून आमची नाव निघाली ती एकाच कामासाठी: उमाआत्याची राहिलेली नर्मदा परिक्रमा पुरी करायला. तशी ती तिच्या एकटीची नव्हती. आत्या आणि मोरोपंत आतोबांनी देवासहून शाळेच्या सुट्ट्या साधून, तुकड्यातुकड्यानं, सगळा दक्षिण तट समुद्रापर्यंत चालून काढला होता. पात्र न ओलांडता, समुद्रातून नावेनं वळसा घालून उत्तर तटावर आले आणि त्याच हिवाळ्यात आतोबा गेले. ‘उरलेलं मी दोघांच्या वाटचं करते,’ असा शब्द आत्यानं त्यांना शेवटच्या आजारात दिला होता.

ती एकटी हापेश्वरपर्यंत चालली आणि मग गुडघ्यांनी हात टेकले. पुढची शूलपाणीच्या जंगलातली जुनी पायवाट धरणाच्या पाण्याखाली गेलेली, वरची डोंगरवाट तिला झेपणारी नाही. म्हणून नाव! आमच्या गुरुजींनी बरंच डोकं खाजवून परवानगी दिली, पण नर्मदामैया सतत उजव्या हाताला हवी आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही, या अटीवर. ओलांडलं की परिक्रमा खंडित, मग पहिल्यापासून सुरुवात. सत्तरी उलटलेल्या आत्यासाठी पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे नावेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आम्ही चौघं होतो. आत्या. तिची लेक वासंती, भूगोलाची प्राध्यापिका. जुन्या नकाशावरून तिनं नदीचं बुडालेलं पात्र मोबाइलवर लाल रेषेनं आखून घेतलं होतं आणि नाव त्या रेषेकडे जरा सरकली की ती मास्तरणीसारखी ओरडायची. निसरपूरचा नावाडी गुलाब केवट, ज्याला आम्ही भिया म्हणायचो आणि जो आत्याला माताराम म्हणायचा. आणि मी, शुभंकर, ज्याला देवासची टेकडी चढतानाही धाप लागते. साहसी माणूस म्हणून मला कुणी घेतलं नव्हतं; सामान उचलायला घेतलं होतं.

पहिला दिवस सुखाचा गेला. दोन्ही बाजूंना उघडे तांबूस डोंगर, त्यांच्या खोबणीत शिरलेलं हिरवट पाणी, मधूनच एखाद्या टेकाडाचं झालेलं बेट आणि त्यावर एकच झोपडी. बुडालेल्या सागांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. मैलोगणती ना रस्ता, ना मोबाइलला रेंज. आत्या उजवा हात पाण्यात सोडून बसली होती. आतोबा असते तर इथं चहा मागितला असता, असं ती दर वळणावर म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मैयानं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सकाळी इंजिनाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं. भियानं पाण्यात उतरून ते कापून काढलं. मग एका बुडालेल्या खोडावर नाव घासली आणि मी डब्यानं पाणी उपसत राहिलो. धार जिल्ह्यातलं कोटेश्वर आता टप्प्यात आलं होतं. तेवढ्यात वारा उठला!

होळीच्या तोंडावर तो असाच उठतो. डोंगर धुळीत गेले. पाणी उसळलं. डावीकडे उभा कातळ, नाव लावायला वीतभर जागा नाही. आम्ही कातळाच्या आडोशानं रांगत पुढे सरकत होतो, तेव्हा आत्यानंच ते पाहिलं. दूर उजवीकडे, एका वाळक्या सागाला दोन माणसं बिलगली होती! भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या, हाटाहून परतताना त्यांची डोंगी उलटली होती, हे मागाहून कळलं.

भियानं इंजिन मंद केलं आणि आत्याकडे पाहिलं. “माताराम, वो मैया के उस पार हैं. आप जो बोलो.”

आत्याला आधी किनाऱ्यावर उतरवू, असं मी म्हणालो. पण कुठे? त्या कातळावर सरडासुद्धा टिकला नसता. वासंतीनं मोबाइल पुढे केला. झाड लाल रेषेच्या बरंच पलीकडे होतं.

“दिसतंय मला,” आत्या म्हणाली. मग भियाकडे वळली. “पूछते क्या हो, भिया? घुमाओ.”

नाव वळली. पहिल्याच लाटेनं मी भिजलो. दुसरीनं डबा नेला. मी हातांनी पाणी उपसलं! वासंतीनं मोबाइल पिशवीत कोंबला आणि दोर घेतला. झाड जवळ आलं, लांब गेलं, पुन्हा जवळ आलं. दोर फेकला. चुकला. पुन्हा फेकला. लागला! आधी बाई आली, मग तिचा भाऊ, आणि त्याच्या खांद्यावर हाटात घेतलेली शेळी. शेळी सोडायला तो तयारच नव्हता.

परत फिरणं वाऱ्यानं अशक्य केलं. आम्ही दक्षिण तटावरच्या एका खाडीत शिरलो. त्या दोघांचं घर तिथंच, चढावर होतं. चुलीपाशी बसवून त्यांच्या आईनं आम्हाला मक्याची गरम रोटी आणि लसणाची चटणी वाढली. शेळी सगळ्यांत आधी कोरडी झाली.

वासंती हळूच म्हणाली की नकाशा जुनाच आहे; एवढ्या पाण्याखाली पात्र नेमकं कुठं, कोण सांगणार? रेषा थोडी सरकवली तर आपण ओलांडलंच नाही.

“मैया तुझ्या मोबाइलातून वाहत नाही, बाळ,” आत्या म्हणाली.

वाईट वाटतंय का, असं मी विचारलं. असा प्रश्न फक्त मीच विचारू शकतो.

“वाटतंय रे. फार वाटतंय,” ती म्हणाली आणि चुलीसमोर मोकळेपणी रडली. आम्ही तिला रडू दिलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “पण तुझे आतोबा नावेत असते, तर गुलाबनं विचारायच्या आधी त्यांनीच सुकाणू फिरवलं असतं. म्हणजे शब्द मी एकटीनं नाही मोडला. दोघांनी मिळून मोडला.”

आणि तिनं आणखी एक रोटी मागून घेतली.