स्वानंदीची जुनी गिटार

"ही गिटार माझी आहे," स्वानंदी म्हणाली आणि पिशवीची चेन तिने एका झटक्यात उघडली. "चोरीची नाही. आणि मी ती कुणाला देणार नाही, पहलेच सांगते."

विद्युल्लताबाईंनी शांतपणे चष्मा लावला. देवासच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. शेजारच्या खुर्चीत गोपाळराव बसले होते. निवृत्त शिक्षक, गणित पक्कं, तर्क कच्चा, आणि तरीही प्रत्येक तपासात हजर.

टेबलावर चार जाड तारांची लाल बेस गिटार होती. रंगाचे पोपडे उडालेले, हात टेकतो तिथलं लाकूड उघडं पडून घामाने काळवंडल्यासारखं, खालच्या कडेला टवका. वरून तिरका एक लांब ओरखडा, पट्टी लावून मारावा तसा सरळ.

"पन्नास वर्षांची तरी असेल," गोपाळराव म्हणाले.

"पाच महिन्यांपूर्वी इंदूरला घेतली, काका. चकचकीत निळी होती. मी घासली, लाल रंगवली, खुंट्या आणि आतल्या वायरी भंगारातल्या बसवल्या. टवका बाबांच्या पटाशीने काढला."

"आणि हा काळेपणा?"

"कुक्षीकडे, बाग गावात कापड छापणारे बाबांचे दोस्त आहेत. ते लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात सडवून काळा रंग बनवतात. आधी लाकडाला हरड्याचं, म्हणजे हिरड्याचं, पाणी लावायचं, मग हा रंग. लाकूड एकदम पुराना दिसतं."

"एवढा खटाटोप कशाला?"

"जुन्या गिटारा दुकानवाले आमच्यासारख्यांच्या हातात पण देत नाहीत. मग मी माझी बनवली."

ती इतकी बेमालूम बनली होती की तीच अंगलट आली होती. जगदेवरावांच्या घरून त्यांच्या वडिलांची बेस गिटार नाहीशी झाली होती आणि स्वानंदीची गिटार तीच आहे असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबरात तिचे वडील शालिग्राम सुतार त्यांच्याकडे दारं दुरुस्त करायला गेले होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत गिटार परत नाही आली, तर बापलेकीवर चोरीची तक्रार. रविवारी धारला स्वानंदीचा पहिला मोठा कार्यक्रम होता आणि आज शुक्रवार होता.

"कशावरून बनवलीस?" विद्युल्लताबाईंनी विचारलं.

तिने फोन पुढे केला. कृष्णधवल फोटो, फक्त गिटारीपुरता. तोच टवका, तोच ओरखडा. तारांवर एक बोट दिसत होतं, त्यात चौकोनी खड्याची अंगठी. खाली लिहिलं होतं : 'असली लाल आणि असली घासलेली बनवून दाखव, तब मानूं.'

"दिवाळी झाल्यावर आमच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी टाकला. तो नंबर आता बंद आहे. जगदेवराव म्हणतात, चोरी करून मीच फोटो काढला."

गोपाळरावांना जगदेवरावांचं म्हणणं पटल्यासारखं दिसलं. विद्युल्लताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

जगदेवरावांचे पूर्वज संस्थानात कारभारी होते आणि ते बोलतही तसेच.

"आमच्या तीर्थरूपांनी ती गिटार मोठ्या हौसेने आणवली होती. मला वाजवता येत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पेटी उघडून हळदकुंकू वाहतो, इतकंच. यंदाही वाहिलं. जानेवारीत आमच्या पुतण्याने, अर्पितने, पेटी उघडली, ती रिकामी."

"स्वानंदीची गिटार तुम्ही नीट पाहिलीत?"

"मोतीबिंदू आहे. पण टवका हाताला लागला. शिवाय सुताराच्या पोरीकडे असली गिटार येणार कुठून?"

भिंतीवर १९७४ सालचा फोटो होता. वडील गिटार घेऊन उभे, बोटात चौकोनी खड्याची अंगठी. टवका स्पष्ट दिसत होता. ओरखडा मात्र नव्हता.

"तो नंतर पडला असेल," गोपाळराव हळूच म्हणाले. फोटोवरची काच नवी, लखलखीत होती, चौकट मात्र जुनाट.

स्वयंपाकघरात जगदेवरावांच्या पत्नी सुमंगलाबाई चहा गाळत होत्या. काचेचं विचारताच त्यांनी आवाज खाली आणला. "यांना सांगू नका हो. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून तडकली. अर्पितने लगेच तसबीर उचलून नेली आणि संध्याकाळच्या आत नवी काच घालून आणली. गुणी पोर आहे."

गुणी पोर, म्हणजे अर्पित, अंगणात मोटारसायकल पुसत होता. त्याच्या मनगटाला पट्टा होता.

"सोनकच्छजवळ गाडी फिसलली, बाई. दसऱ्यानंतर. अजून दुखतं."

"गिटार स्वानंदीकडे आहे हे कसं कळलं?"

"तिची रील पाहिली ना! बघताच ओळखली. काय हिंमत आहे, भिया!" इंदुरी ढंगात त्याने 'भैया'चं 'भिया' केलं.

शनिवारी संध्याकाळी सगळे त्याच दिवाणखान्यात बसले. गिटार मध्ये टेबलावर होती. शालिग्राम दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सुमंगलाबाई, एक लिंबू द्या," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "लोखंड आणि हरड्याचा काळा रंग लिंबाने उतरतो. पन्नास वर्षांचा घाम आणि मळ असा उतरत नाही. फक्त, स्वानंदी, तुझी मेहनत जाईल."

"माझी गिटार आहे. मीच पिळणार."

तिने अर्धं लिंबू त्या काळ्या जागेवर दाबून चोळलं. बघता बघता काळं तपकिरी झालं, मग फिकट, आणि खालून नवंकोरं लाकूड डोकावू लागलं. जगदेवराव वाकून डोळे ताणून बघत राहिले.

"म्हणजे ही आमची नव्हे. मग टवका जुळतो कसा?"

"कारण हिने तुमच्याच गिटारीची नक्कल केली, नकळत. तिच्या फोनमधल्या फोटोत चौकोनी अंगठीचं बोट आहे. तो गिटारीचा फोटो नाही, तुमच्या भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो आहे."

"पण तसबिरीत ओरखडा नाही!" गोपाळराव जोरात म्हणाले.

"नाहीच. तो ओरखडा गिटारीवर कधी नव्हताच, गोपाळराव. तो काचेचा तडा होता. फोटो गिटारीपुरता कापला, म्हणून तडा पुढे कुठवर गेलाय ते दिसलं नाही, आणि या पोरीने इमानदारीने तोही लाकडावर कोरला. खरा ओरखडा इतका सरळ असतो का? आता सांगा, तडकलेल्या काचेसकट ती तसबीर कुणाच्या हातात होती? एकाच माणसाच्या, एकाच दिवशी."

सुमंगलाबाईंच्या हातातली ताटली खाली आली. सगळ्यांनी अर्पितकडे पाहिलं.

"खंडेनवमीला गिटार पेटीत होती. मग सोनकच्छला तुझी गाडी घसरली. त्या दिवशी तुझ्या पाठीवर काय होतं, अर्पित?"

त्याने मनगटावरचा पट्टा चाचपला. "दोस्तांना फक्त दाखवायला नेली होती," तो म्हणाला. "गाडीबरोबर गिटार पडली, तिची मान तुटली. काकांना कोणत्या तोंडाने सांगणार? स्वानंदी जुन्यासारखी गिटार बनवते हे माहीत होतं. म्हटलं, ती बनवेल, मग हीच आपली म्हणून... तुकडे पीपलरावां गावात दोस्ताच्या शेतावर आहेत."

"आणि माझ्या बाबांना चोर ठरवलंस," स्वानंदी म्हणाली.

जगदेवराव उठले. त्यांनी शालिग्रामांपुढे हात जोडले. या घरात असं कधी घडलं नसावं, कारण सुमंगलाबाई रडू लागल्या. मग ते स्वानंदीकडे वळले. त्यांचा हात टवक्यावरून फिरत होता.

"मुली, ही इथेच राहू दे. तीर्थरूपांची आठवण म्हणून. मागशील ते देतो."

स्वानंदीने गिटार त्यांच्या हाताखालून उचलली.

"तुमचे तुकडे आणवा. बाबा मान जोडून देतील, पुन्हा वाजेल. ही मिळणार नाही. सुताराच्या पोरीकडे असली गिटार कुठून आली ते ऐकायचं असेल, तर उद्या धारला या."

जिन्यात गोपाळरावांनी विचारलं, "तो डाग परत काळा करशील ना?"

"का म्हणून?"

रविवारी धारला तिने गिटार लोकांकडे वळवून धरली. लिंबाचा तो फिकट डाग आणि काचेचा तो सरळ ओरखडा शेवटच्या रांगेतूनही दिसत होते. पहिल्या रांगेत, मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिवे बोचू नयेत म्हणून काळा चष्मा लावून, जगदेवराव बसले होते. शेजारच्या खुर्चीत शालिग्राम होते.