तासाभराची वाट

हिमानी शिबिराहून परतली तेव्हा श्रीनिवास दारातच उभा होता, आणि त्याला तोंडानं काही सांगावं लागलं नाही. पाठीवर पिशवी, गळ्यात गाइडचा स्कार्फ, उन्हानं रापलेला चेहरा... दुर्गाघाटाच्या गल्लीत वळल्यापासूनच ती "आई, मला दोन बिल्ले मिळाले" असं सांगत येत होती. वडिलांचं मुंडन झालेलं डोकं दिसलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"कधी?"

"परवा."

"मग अस्थी?"

श्रीनिवासनं मान खाली घातली. काशीत अस्थी घरी आणायची रीत नाही. चिता निवली की उरलंसुरलं तिथंच गंगेला जातं. घाटावरचा भटजी म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना हे समजावण्यात त्याचा निम्मा जन्म गेला होता, पण लेकीला सांगायला त्याची जीभ उचलेना.

"शिबिर रामनगरलाच होतं, तासाभराच्या वाटेवर, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली, तेही हिंदीत, परक्या माणसाशी बोलावं तसं.

खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. हिमानीच्या आईनं, मुक्तानं, इस्पितळात त्याचा हात धरून सांगितलं होतं, "तिला बोलावू नका. हसत गेलीय पोर. या नळ्यांत मला बघितलं तर जन्मभर हेच तोंड तिच्यापुढं राहील." त्यानं परोपरीनं विनवलं, पण ती बधली नाही. शेवटी तो हो म्हणाला... आणि सगळा दोष मुकाट्यानं आपल्या अंगावर घेऊन बसला. मेलेल्या आईचं नाव पुढं करून स्वतः सुटणं त्याच्यानं होईना.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दुसऱ्यांचे पिंड मांडून मांडून ज्याचे हात थकले होते, तो आपल्या बायकोच्या पिंडापुढं ताटकळत राहिला. मुक्ताचा जीव कशात अडकलाय ते त्याला कळत होतं. "पोरीला मी एकटी पडू देणार नाही, शिबिरालासुद्धा बरोबर जाईन," असं तो मनाशी म्हणाला, तेव्हा कुठं कावळा उतरला.

म्हणून या उन्हाळ्यात शाळेनं शिबिराच्या स्वयंपाकाला पालकांना बोलावलं तेव्हा तो गेला. रामनगरला, गेल्या वर्षी शिबिर झालेल्या त्याच आमराईत, बाकीच्या मुलींच्या आयांमध्ये हा एकटाच बाप्या, परातीत कणीक मळत बसलेला. लूचा तापलेला वारा अंग भाजत होता. हिमानी त्याच्याकडं पाठ करून वावरत होती.

त्या दुपारी मुलींना भांड्यांशिवाय रांधायचं होतं, म्हणून बाटी-चोखा ठरला, राखेत भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर वांगी आणि पहिल्या काही बाट्या भाजायला टाकल्या होत्या. हिमानीची मैत्रीण शिवांगी हसत म्हणाली, "तेरे पापा तो पंडितजी से हलवाई बन गए!"

"हलवाई कहाँ, नमक भूल गए हैं," हिमानी तुटकपणे म्हणाली.

खरंच, मीठ राहिलं होतं. श्रीनिवासनं निमूटपणे कणीक पुन्हा मोडली. मीठ, तिखट सगळं मुक्ताच बघायची. तो नुसता पाटावर येऊन बसायचा. खाली घातलेली त्याची मान बघून हिमानीला काय वाटलं कुणास ठाऊक. बाकीच्या मुली हापशावर हात धुवायला गेल्यावर ती त्याच्याशेजारी येऊन बसली आणि निखाऱ्यांकडं बघत मराठीत म्हणाली,

"बाबा, एक विचारू? आईनं मला बोलावलं होतं का?"

श्रीनिवासचा हात थांबला. 'नाही' एवढंच म्हटलं असतं तर वर्षभराचं ओझं उतरलं असतं, पोर पुन्हा त्याची झाली असती. पण तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती... आपण आईला नको होतो की काय, ही भीती ती वर्षभर एकटीच वागवत होती. आणि तो समजत होता की पोर आपल्यावर रुसली आहे.

"बोलावलं होतं," तो म्हणाला. "सारखं तुझंच नाव घेत होती. मीच न्यायला आलो नाही. तुझं शिबिर मोडू नये असं वाटलं मला. चुकलं माझं."

"म्हणजे तिला मी हवी होते?"

"दुसरं कोण हवं होतं तिला?"

हिमानीनं त्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, मग आणखी एक, आणि तिथंच कपाळ टेकून रडू लागली. वर्षभराचं साठलेलं रडणं होतं ते. कणकेनं भरलेले हात तिच्या गणवेशाला लागू नयेत म्हणून तो ते अवघडून लांब धरून बसला होता.

"फार वाईट केलंत तुम्ही, बाबा."

"हो."

"मी हे कधी विसरणार नाही."

"नको विसरूस."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "सकाळपासून काही खाल्लंत का?" तिनं विचारलं. त्यानं परातीकडं मान वळवली, तशी तिनं पहिल्या खेपेतली, बिनमिठाची बाटी राखेतून काढली, झटकली, फोडून फुंकली आणि त्याचे हात भरलेले होते म्हणून घास त्याच्या तोंडात घातला. अळणी घास त्यानं सावकाश चावून गिळला.

शिबिर संपलं, दोघं घरी आली. आता हिमानी त्याच्याशी बोलते, भांडते, भाजीत मीठ जास्त झालं तर मराठीत सुनावते. आईच्या तसबिरीसमोर कधीकधी म्हणते, "आई, तू बोलावलं होतंस, बाबांनीच आणलं नाही." तो ऐकून घेतो. मुक्ता खरोखर काय म्हणाली होती, ते त्यानं लेकीला अजून सांगितलेलं नाही.