सात नंबरचा कॉलम

खोटं वाटलं तर वाटू दे. पण त्या दिवशी गच्चीवर बसलेल्या नऊच्या नऊ जणांनी तो आवाज ऐकलाय.

व्हियाएर्मोसा शहर. तीन मे, गवंड्यांचा क्रूसाचा सण. भर दुपारचे दोन.

ग्रिहाल्वा नदीच्या पुराचं पाणी शिरून कापडाच्या त्या तीनमजली दुकानाचे खालचे कॉलम खराब झाले होते. फिलेमोन मिस्त्रीने बाराही कॉलमना नव्या सळ्या बांधून बाहेरून काँक्रीट चढवलं. स्वतः हातोडीने ठोकून बघितलं. बाराही भरीव! उद्या स्लॅबखालचे टेकू निघणार, दहा तारखेला मातृदिनाच्या गर्दीत दुकान उघडणार. गल्ल्यावर बसणार होती त्याचीच पोर, येसेनिया.

सणाला कुणी हत्याराला हात लावत नाही. गच्चीवर फुलांचा क्रूस उभा होता, त्याच्या पायाशी सगळ्या हातोड्या धुऊन मांडलेल्या. मालकिणीने मटण धाडलं होतं. बिअर चालली होती.

तेवढ्यात खालून...

टक टक... ठण्ण.

"आता खाली कोण तडमडलं?" तोन्यो गवंडी हसला.

खाली कुणीच नव्हतं. शटरला कुलूप. चावी मिस्त्रीच्या खिशात.

टक टक... ठण्ण.

दोन हलके, एक जोराचा. मिस्त्रीचा घास हातातच राहिला. असं ठोकणारा माणूस एकच. त्याचा गुरू, अनाक्लेतो म्हातारा. पुरात याच दुकानातले तागे वर चढवताना तो बुडाला होता.

"काय मिस्त्री, चेहरा का पडला? बायकोने बोलावलं की काय?" तोन्योने चिडवलं.

"गप रे! ऐक."

आवाज दारापासून आत सरकत होता. एक. दोन. तीन... सहाव्यापर्यंत सगळे भरीव. मग...

टक टक... ढब्ब.

पोकळ!

"कोण आहे रे तिकडे?" ओरडतच मिस्त्री धाडधाड जिना उतरला.

आवाज थांबला.

खाली चिटपाखरू नव्हतं. सिमेंटच्या धुळीत एक पाऊलसुद्धा उमटलेलं नाही...

तो परत वर आला आणि क्रूसासमोरची हातोडी उचलली.

"अहो, आज? सणाच्या दिवशी? डोकं फिरलंय का तुमचं?" तोन्यो आडवा आला.

"फिरू दे! माझी पोर बसणार आहे त्या स्लॅबखाली."

खाली जाऊन सातव्या कॉलमवर त्याने आधी हलकेच ठोकलं. भरीव वाजला. तरी घाव घातले. चौथ्या घावाला वरचं कवच फुटलं आणि हात मनगटापर्यंत आत गेला. सळ्या उघड्या. काँक्रीट आत उतरलंच नव्हतं.

तोन्यो नुसता छातीवर क्रूसाची खूण करत राहिला.

कॉलम पुन्हा ओतला. दुकान जूनमध्ये उघडलं. मालकिणीने सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली, ती मिस्त्रीने मुकाट ऐकून घेतली. बाकीचेही फोडून बघू म्हणाला, तर तिने त्याला हाकलूनच दिलं.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याने पोरीला वाचवलं. असेलही.

पण मिस्त्री अजून रोज दुपारी दुकानात येतो. कापड बघायचं निमित्त करतो आणि आठपासून बारापर्यंतचे कॉलम ठोकत फिरतो. सगळे भरीव वाजतात.

त्याच्या हाताला सातवाही भरीवच वाजला होता...

"बाबा, पुरे ना आता! गिऱ्हाईकं बघतायत," येसेनिया वैतागते. नोकरी सोड म्हटलं की हसते.

तिला काय सांगणार? म्हातारा आपणहून सातव्यावर थांबला नव्हता. यानेच ओरडून त्याला थांबवलं होतं.

आणि येसेनियाचा गल्ला नवव्या कॉलमला लागून आहे.