अण्णाबुवांचा गंधार

"पोरगी गावभर सांगत सुटलीय की मी सूड उगवला," असं म्हणत केळशीकरबुवांनी हेडफोन आणि काड्यापेटीएवढा वर्धक रुबिना शिकलगारच्या काउंटरवर आपटला. "तपास हे. आत्ता, हिच्या देखत."

हिच्या म्हणजे केतकी वाळिंबेच्या. ती दुकानाच्या दारातच उभी होती, पाऊल आत टाकायलाही तयार नव्हती.

"यंत्र कशाला तपासायचं?" ती म्हणाली. "माणूस तपासा."

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत असली भांडणं आता नवी राहिली नव्हती. पूर्वी लोक इथे सतारी न् तंबोरे दुरुस्त करून घ्यायला येत, आता अर्धी गल्ली हेडफोनची जोडणी करून देत होती. रुबिनाचे आजोबा तंबोरे बनवायचे. ती ध्वनिशास्त्र शिकून आली आणि आजोबांच्याच जागेवर हेडफोनचा आवाज वाढवणारे वर्धक मांडून बसली. काम ऐकायला सोपं. एखाद्या हेडफोनला जोर जास्त लागतो, त्याला लेचापेचा वर्धक लावला तर आवाज मेंगळट येतो. एखाद्याला थोडासा जोर पुरतो, त्याला दांडगा वर्धक लावला की कानात नुसता सिसकारा. म्हणून आधी या दोघांची जोडी जमवायची आणि मग त्या जोडीला माणसाचा कान जोडायचा.

हे शेवटचं काम नवं होतं. माणसाच्या दोन कानांना एकच सूर तंतोतंत सारखा ऐकू येत नाही आणि वय झालं की हा फरक वाढत जातो. नवा वर्धक कान तपासायचा, कुठला सूर केसभर वर किंवा खाली ऐकू येतोय ते शोधायचा आणि तेवढाच तो उलट्या बाजूला सरकवून द्यायचा. म्हाताऱ्या गवयांना देवच पावला म्हणायचा. गायनवृत्ती देणाऱ्या निवड समितीनं तर नियमच केला की परीक्षकानं जोडणी केलेल्या संचावरच ऐकायचं. कुणाचं गाणं आहे हे ओळखू येऊ नये म्हणून आवाजाचा पोत बदलून पाठवायचा, सूर आणि लय मात्र जशीच्या तशी.

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. गायनवृत्तीच्या शेवटच्या फेरीत परीक्षक असलेल्या बुवांनी एका उमेदवाराला बेसूर ठरवून बाहेर काढलं, आणि ती निघाली केतकी. बुवांकडे आठ वर्षं शिकलेली, एक दिवस कडाकडा भांडून बेळगावला दुसऱ्या गुरूकडे निघून गेलेली. मग काय, लोकांना चघळायला विषय मिळाला. पाच वर्षं पोटाची काळजी न करता नुसतं गायचं, अशी ती वृत्ती होती, आणि पुढच्या वर्षी केतकी वयात बसणार नव्हती. अंतिम निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. त्याआधी परीक्षकानं आपण होऊन कौल मागे घेतला, तरच तिचं गाणं पुन्हा ऐकलं जाणार होतं.

"ती तू आहेस हे मला ठाऊकच नव्हतं," बुवा म्हणाले. "आणि असतं तरी बेसूर ते बेसूर. गंधार चढा लागत होता. दर वेळी. लाज वाटायला पाहिजे."

"माझा गंधार तुम्हाला पसंत पडला होता कधी?"

"दोघं आत येऊन बसा," रुबिना म्हणाली. "आणि मी मापं घेतेय तोवर तोंडं बंद ठेवा."

तिनं वर्धक तपासला, हेडफोन तपासला, मग दोन्ही जोडून तपासले. कुठे काही खोट नव्हती.

"जोडी ठणठणीत आहे."

बुवांनी केतकीकडे असं पाहिलं, जणू खटलाच जिंकलाय. केतकी म्हणाली, "मग माणूसच खोटा. मी आधीच सांगितलं होतं."

"कानाची जोडणी बघायची राहिलीय," रुबिना म्हणाली. "बुवा, गेल्या खेपेला केली होती तशीच पुन्हा करू या. नमुन्याला कुठलं गाणं लावलं होतं?"

"हा काय प्रश्न झाला? अण्णाबुवांचा भूप. दुसरं कुणाचं ऐकणार मी?"

अण्णाबुवा मणेरीकर म्हणजे बुवांचे गुरू. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण बुवांच्या बोलण्यात ते रोज हजर असत. भाजी निवडतानासुद्धा बुवा अण्णाबुवांची आठवण सांगत.

रुबिनानं रीत पुन्हा समजावली. यंत्र सूर थोडाथोडा सरकवत जाईल. बरोबर वाटला की हेडफोनच्या कडेला बोट लावायचं, म्हणजे यंत्र त्याच दिशेनं आणखी थोडं पुढे जाईल. बोट लावलं नाही तर ते मागे फिरेल. बुवांना काय ऐकू येतंय ते सगळ्यांना कळावं म्हणून तिनं शेजारचा स्पीकरही चालू केला.

भूप सुरू झाला. गंधार आला आणि बुवांचे डोळे मिटले. "अण्णाबुवा..." असं पुटपुटत त्यांनी हात कानाकडे नेला. कानाच्या पाळीला लागायचं बोट हेडफोनच्या कडेला लागलं. वर्धकावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि गंधार केसभर वर सरकला. तो पुन्हा आला तेव्हा बुवांनी पुन्हा नाव घेतलं, पुन्हा हात वर गेला, दिवा लुकलुकला.

गुरूचं नाव तोंडी आलं की गवयाचा हात आपोआप कानाला जातो. नाव घ्यायची आपली लायकी नाही, चूकभूल पदरात घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मिरजेत हे शेंबडं पोरही जाणतं. यंत्र बनवणारे बसले होते सातासमुद्रापलीकडे. कारणाशिवाय कुणी कानाला बोट लावत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

पण रुबिनाला कळायला हवं होतं. आजोबांना असा हात लावताना बघतच ती मोठी झाली होती. गेल्या खेपेला ती इथंच, याच स्टुलावर बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती. दिवा लुकलुकताना दिसत होता आणि बुवांचं काम झटपट उरकतंय म्हणून तिला बरंच वाटलं होतं. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"बुवा, थांबा. ही चूक माझी आहे." तिनं काय झालं ते दोघांनाही सांगितलं: हात कानाला गेला की यंत्रानं ते 'बरोबर' समजून गंधार वर नेला, म्हणून केतकीचा गंधारही चढाच ऐकू आला असणार. "आता हात मांडीवर ठेवा. सूर बरोबर वाटला तर नुसतं 'हो' म्हणा, बोट मी लावते. नमुन्याला फक्त तंबोरा ठेवू, त्यातही गंधार ऐकू येतोच. आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही."

"माझे हात बांधतेस?"

"बांधते. तिचं आयुष्य टांगणीला लागलंय."

बुवा तोंड वाकडं करून बसले, पण बसले. नवी जोडणी झाल्यावर रुबिनानं समितीनं बुवांना पाठवलेलं केतकीचं गाणं लावलं. बुवा मान खाली घालून ऐकत राहिले. गंधार आला, पुन्हा आला, वरून आला, खालून आला. केतकी त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हलवत नव्हती.

"काय?" तिनं विचारलं.

"सुरात आहे." दाढ उपटताना करावं तसं तोंड करून बुवा बोलले.

केतकीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला रडू येईल. आला तो रागच.

"आता अण्णाबुवांचा भूप लाव," बुवा म्हणाले.

"कशाला, बुवा? झालं ना काम."

"लाव म्हणतो ना."

तिनं लावला. पहिल्या गंधारालाच बुवांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हेडफोन काढला, पुसला, पुन्हा घातला. गंधार उतरलेलाच होता.

"टेप जुनी आहे. घसरली असेल."

"टेप घसरली असती तर मागचा तंबोराही घसरला असता. तो जागेवर आहे."

"मग ते आमच्या घराण्याचं अंग आहे. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही कळत आणि यंत्रालाही घराणं कळत नाही. पण मुद्दाम लावलेला सूर दर वेळी एकाच जागी लागतो, बुवा. हा कधी जास्त उतरतोय, कधी कमी."

बुवा ताडकन उठले. "माझ्या गुरूला बेसूर म्हणतेस? तुझ्या आजोबांनी तंबोरे करून दिलेत त्यांना."

"म्हणूनच तर तंबोरा सुरात आहे," रुबिना म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला वाईट वाटलं.

बुवांनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. मग त्यांनी स्वतःच समितीच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. "वाळिंबेवरचा कौल मी मागे घेतोय. तिचं गाणं पुन्हा ऐका."

"कारण काय सांगू, बुवा?" पलीकडून आवाज आला. "कारण दिलं नाही तर लोक म्हणतील पोरीनं आरडाओरडा केला म्हणून फिरवलं. यंत्र बिघडलं होतं असं लिहू का? दुकान कुठलं?"

बुवांनी रुबिनाकडे पाहिलं. ती वर्धकाची वायर गुंडाळत राहिली. खोटं बोलून अण्णाबुवा न् बुवा हे गुरुशिष्य दोघंही सुटले असते, एक दुकान तेवढं बदनाम झालं असतं.

"यंत्र बिघडलं नव्हतं," बुवा म्हणाले. "मी माझ्या गुरूंच्या गाण्यावर कानाची जोडणी करून घेतली होती. त्यांचा गंधार उतरलेला होता. मला तो जन्मभर कळला नाही." त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी पुन्हा ऐकू. निकाल थांबवते."

"चुकलं माझं, केतकी," फोन ठेवून बुवा म्हणाले.

केतकीनं पर्स खांद्याला लावली. तिला हवं ते मिळालं होतं, आणि समोरचा माणूस रडत होता. तरी तिचं मन काही द्रवलं नाही. "आठ वर्षं तुम्ही मला 'उतर, अजून उतर' म्हणून रडवलंत. बेळगावला तो गंधार पुन्हा जागेवर आणताना माझी निम्मी उमेद संपली. माझं जाऊ द्या, मी सुटले."

"मी आता हे यंत्र लावूनच शिकवीन."

"लावा की. कानातला गंधार ते सुधारून देईल." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पण उद्या सकाळी वर्गातली मुलं तुमच्याकडे बघून सूर लावतील. तुमच्या गळ्यातून जो गंधार निघेल, तो कोण सुधारणार, बुवा?"