एकेचाळिसावा प्रश्न

नोव्हेंबर आला की कॅनडातल्या थंडर बेच्या आमच्या शाळेत स्वभावचाचणी होते. नव्वद प्रश्न. 'हो' किंवा 'नाही'चा गोल पेन्सिलीने काळा करायचा. मग समुपदेशक कोवालचुक सर त्यावर भोकांचा पुठ्ठा ठेवतात, भोकांतून दिसणारे काळे गोल मोजतात आणि स्वभावाची चार अक्षरं सांगतात; पहिलं अक्षर अंतर्मुख की बहिर्मुख त्याचं. सगळे ती लॉकरवर चिकटवतात. आवडली नाहीत तर पुन्हा चाचणी देतात, आवडेपर्यंत. सर हसून देऊही देतात.

गेल्या वर्षी मी अंतर्मुख निघाले होते. बरोबरच होतं. तेव्हा माझा डावा सुळा पुढे आलेला होता आणि मी तोंड मिटून पेन्सिली चावत बसायचे. पण या उन्हाळ्यात दातांच्या तारा निघाल्या, सुळा रांगेत आला आणि मी अशी काही बोलायला लागले की आई कॉफी ओतता ओतता म्हणते, सायमी, मध्ये श्वास घेत जा. यंदा मला हिवाळी शिबिरात लहान मुलांची गटप्रमुख व्हायचंच होतं. सर गटप्रमुख निवडतात ते बहिर्मुखांतून.

निकाल लागला. अंतर्मुख.

"तुझी बडबड कागदालाही सोसली नाही बघ," माझी मैत्रीण ओक्साना म्हणाली. मीही हसले. मंगळवारी पुन्हा दिली, सगळी उत्तरं ढोल बडवल्यासारखी. निकाल तोच.

बुधवारी दुपारी सरांनी मला समोरच बसवलं. खोलीत आम्ही दोघंच. हीटर खडखडत होता, खिडकीच्या काचेवर सरोवराकडून आलेला बर्फ साचत होता. एकेचाळिसावा प्रश्न: माणसांनी भरलेल्या खोलीत आपण कुणाला दिसतच नाही, असं वाटतं का? मी 'नाही' काळा केला. मोठ्याने म्हणालेसुद्धा.

सरांनी पुठ्ठा ठेवला. मोजता मोजता थांबले. पुठ्ठा काढून कागद माझ्याकडे वळवला.

'हो' काळा होता. इतका दाबून, की कागद फाटायला आला होता.

"तू 'नाही' केलंस," सर हळू म्हणाले. "मी बघत होतो."

भीती वाटली. पण त्याआधी आठवली ती जिन्याखाली एकटी सँडविच खाणारी मी. उन्हाळ्यापासून तिची साधी आठवणही काढली नव्हती मी.

मी नवा कागद मागितला. सगळं भरलं, एकेचाळिसावा रिकामा ठेवला. खाली लिहिलं, तूही चल शिबिराला, माझ्या शेजारी बस. बाजूच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक कोरी पेन्सिल ठेवली आणि सरांना म्हटलं, आपण जरा पाणी पिऊन येऊ.

सरांनी दाराला कुलूप लावलं.

परत आल्यावर त्यांनी दोनदा मोजलं. बहिर्मुख. गटप्रमुखांच्या यादीत माझं नाव लिहिलं.

एकेचाळिसाव्यात 'नाही' होता. अगदी हलक्या हाताने केलेला.

मी ती कोरी पेन्सिल उचलली. ओली लागली. मागच्या टोकाशी दातांचे ताजे ठसे होते, एका ओळीत. डावीकडचा तेवढा एक ओळ सोडून पुढे.