मानशीत सापडलेला उपग्रह

"सर, तुम्ही उलट्या दिशेला शोधलंत," सिद्धी म्हणाली.

कॉलेजचे अभिजीत सर होडीतून उतरत होते. चोपड्यापासून मोरजीपर्यंत शापोरा नदी पालथी घालून ते रिकाम्या हातांनी परतले होते. "नदी समुद्राकडेच जाते ना? गेला तो. सोड आता."

पण सिद्धीला सोडता येत नव्हतं. कॉलेजने सकाळी फुग्याला बांधून सोडलेला तो डब्याएवढा नमुना उपग्रह तिच्या बाबांनी जोडला होता. बाबा तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होते. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आठवड्यात ते वारले. उड्डाण बघायला ती आमोण्याहून मामाकडे आली होती. दहा वाजता फुगा फुटला, उपग्रह नदीत पडला. होडी मिळेपर्यंत एक वाजला.

"एकला ओहोटी होती," मामेभाऊ गौरेश म्हणाला. "दहाला भरती, पाणी उलटं वर चढत होतं. तुमची होडी येईपर्यंत तो थांबणार होता काय?"

सिद्धी बाबलीमामाकडे वळली. बांधातली मानस, म्हणजे नदीचं पाणी शेतात घेणारं दार, मामाच सांभाळायचा.

"मामा, दहाला मानस उघडी होती?"

"उघडीच गो. भरतीबरोबर सुंगटां भितर घेतलंय, मगे फळी घातलंय."

"मग उपग्रहही आत असेल."

"आसलो तर जाळ्यात येतलो. आता फळी काढूचीच आसा."

मामाने दाराला जाळं लावून फळ्या उपसल्या. पाणी नदीकडे धावलं. सुंगटां, म्हणजे कोळंबी, आली, दोन खेकडे आले. मग बराच वेळ नुसतं पाणी. सिद्धी नजर हलवेना. शेवटी शेवाळात गुंडाळलेला डबा आला. एक कोपरा फुटलेला.

"एवढं मोठं सुंगट!" गौरेश म्हणाला.

सरांनी बटणाकडे हात नेला. "बघू, चालू होतो का."

"नको!" सिद्धीने डबा पोटाशी धरला. "आत खारं पाणी आहे. आधी सेल काढायचा. मग विहिरीच्या पाण्यात धुवायचा आणि दोन दिवस सुकवायचा."

"कुणी सांगितलं तुला?"

"ज्यांनी बनवला त्यांनी."

सरांनी हात मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी मामाच्या ओसरीवर सरांनी उपग्रहातलं कार्ड लॅपटॉपला लावलं. उड्डाणातले सगळे आकडे शाबूत होते.

"पाणी कधी वळतं, हे मी इथं कुणाला विचारलंच नाही," सर म्हणाले. "तुम्ही तिघं होतात म्हणून हे काम वाचलं." मग ते थबकले. "या वरच्या ओळी फेब्रुवारीतल्या आहेत. सकाळी सातला चोवीस अंश, आणि लगेच पस्तीस? काहीतरी चुकलंय. पुसून टाकू."

"पुसू नका," सिद्धी म्हणाली. "तापमापक चालतो का बघायला बाबा तो मुठीत धरायचे."

सरांनी लॅपटॉप हलकेच तिच्यासमोर ठेवला. मामाचा हात तिच्या डोक्यावर आला.

सिद्धी एकेक ओळ वाचत खाली गेली. पस्तीस. पस्तीस. पस्तीस. बराच वेळ धरून ठेवला होता त्यांनी.