शेजारच्या गादीतले बाण

माणसाने धनुष्य हाती घेतलं आणि जगाचा इतिहास बदलला. राज्यं उभी राहिली, राज्यं बुडाली, भल्याभल्यांची सिंहासनं डळमळली. तिने धनुष्य हाती घेतलं तेव्हा शेजाऱ्याच्या गादीला सहा भोकं पडली.

ही गादी झोपायची नव्हे, नेम धरायची. गवत दाबून केलेली, गोल, आणि उचलायला दोन माणसं लागतील इतकी जड. क्रीडाभवनाच्या मागच्या मैदानात दर रविवारी सकाळी अशा आठ गाद्या ओळीने मांडायच्या आणि आठ माणसांनी वीस पावलांवरून आपापल्या गादीवर बाण मारायचे. ‘आपापल्या’ हा शब्द नियमातच होता. दुसऱ्याच्या गादीत गेलेल्या बाणाला शून्य गुण.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांना ‘आता स्पष्ट दिसतं, की आता?’ असं विचारायचं आणि रात्री दाराची कडी तीनदा पाहायची. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एरवीही नव्हतं, हे तिच्या ताईचं दुःख. म्हणून ताईनेच तिचं नाव इथे घातलं.

शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम चालत जाऊन बाण काढायचे, अशी पद्धत. ती आपल्या गादीपाशी गेली. गादी कोरी होती. डावीकडच्या गादीपाशी एक माणूस बारा बाणांची निवडानिवड करत होता.

“पिवळ्या पिसांचे तुमचे ना?”

“हो... माफ करा. मला वाटतं, वारा—”

“वाराच असणार,” तो गंभीरपणे म्हणाला. कडेच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जायची वीस पावलं, यायची वीस पावलं, सकाळभरात सहा फेऱ्या. एवढ्या रस्त्यावर त्याने तिला हळूहळू बरंच सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हटलं की तो जास्त घाबरतो, म्हणे. आपण फक्त जाळीपलीकडे समोर उभं राहायचं आणि मोठा श्वास सोडायचा. तोही सोडतो.

तिने विचारलं, नाही सोडला तर? तो म्हणाला, मग मी जिन्याने जातो.

ती हसली, आणि लगेच तिला काळजी लागली. कारण आठव्या रविवारी परीक्षा होती. नव्या-जुन्या सगळ्यांनाच. अठरा बाण, निदान नव्वद गुण हवेत. कमी पडले तर नाव कमी, आणि जागा प्रतीक्षायादीतल्याला. यादीत चौदा जण टपून बसले होते. ती गेली तर रविवार गेला, आणि रविवारबरोबर तो. बरं, नेम सुधारला तरी पंचाईतच. बाण सरळ जायला लागले तर त्याच्या गादीपाशी जायचं कोणत्या तोंडाने?

सहाव्या रविवारी शिट्टीमावशींनी तिला बाजूला घेतलं. मावशी निवृत्त परिचारिका. शिट्टी गळ्यात, आणि आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. त्यांनी तिला दोन्ही तळहातांच्या फटीतून झाडाचा शेंडा पाहायला लावला, मग एकेक डोळा मिटायला लावला.

“तुझा डावा डोळा नेम धरतोय आणि तू उजव्याच्या भरवशावर बाण सोडतेयस,” मावशी म्हणाल्या. “काम काय करतेस गं?”

तिने खालच्या आवाजात सांगितलं. मावशी धनुष्यांच्या कपाटाकडे वळल्या. दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं.

तिला डावखुरं धनुष्य मिळालं, आणि डावखुऱ्याने उभं राहायचं ते उलट तोंडाने. आतापर्यंत तो तिच्या पाठीशी असायचा. आता दोघं समोरासमोर, मध्ये चार हात. तिचे बाण तिच्याच गादीत जाऊ लागले. त्याचे मात्र कडेकडेला लागू लागले. तिने ते पाहिलं, आणि रात्री कडी पाच वेळा तपासली.

परीक्षेच्या दिवशी सतरा बाणांनंतर तिचे चौऱ्याऐंशी झाले होते, त्याचे अठ्ठ्याऐंशी. तिला सहा हवे होते, त्याला दोन. एरवी दोन गुण त्याने जांभई देता देता मिळवले असते.

तिने दोरी ताणली. हनुवटीपर्यंत आली, आणि बोटं उघडेनात. सोडलं तर चुकणार, न सोडलं तर—

समोर तोही दोरी ताणून उभा होता. त्याने मान वळवली, गादीकडून तिच्याकडे. आणि मोठा श्वास सोडला.

तिनेही सोडला. बाण गेला.

श्वासाबरोबर त्याचाही सुटला होता.

शिट्टी झाली. तिच्या गादीत पिवळ्या पिसांचा बाण सात गुणांच्या वर्तुळात होता. एक्क्याण्णव. आणि त्याच गादीच्या काठाला निळ्या पिसांचा एक.

“शून्य,” मावशी वहीत पाहत म्हणाल्या. “दोन गुणांनी नाव कमी. यादीत पंधरावा नंबर.”

“मावशी, त्यांनी माझ्यासाठी—”

“पाहिलं मी. नियमात तसा रकाना नाही.”

मावशी पुढच्या गादीकडे गेल्या. त्याने निळा बाण काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“वारा असणार,” ती म्हणाली.

“नाही,” तो म्हणाला. “सहा रविवार तुमची पाठ पाहिली, तेव्हा नेम बरा होता. दोन रविवार चेहरा पाहतोय... आता पंधराव्याची पाळी येईपर्यंत माझे रविवार मोकळे आहेत. म्हणजे, तुम्हाला... तुला चालत असेल तर.”

तिला आठवडाभराच्या सगळ्या काळज्या आठवून पाहाव्याशा वाटल्या. एकही आठवेना, याचीच काळजी वाटली.

“माझे नाहीत मोकळे,” ती म्हणाली. “मला इथे यावं लागणार. पण बारा वाजता सुटते. आणि बाण पुसून झाला असेल, तर तो हात इकडे दे.”

त्याने दिला.

“हात नंतर,” मागून मावशी म्हणाल्या. “आधी ती गादी दोघं मिळून आत ठेवा बघू. आणि उचलताना गुडघ्यातून वाका, कमरेतून नको.”